विमानाच्या सीटमधली माया

पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलंच नाही. समोरच्या सीटच्या पाठीवर टाके किती बारीक पडलेत ते बघत बसलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "पहिल्यांदाच चाललाय का?" मी म्हटलं, "हो, अशी सीट पहिल्यांदाच बघतोय." त्यानंतर शारजा येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

कराडला एसटी स्टँडच्या मागे माझ्या मामांचं कुशनचं दुकान होतं. माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा, टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर, कधीतरी एखाद्या डॉक्टरांची मोटार, सगळ्यांच्या गाद्या तिथे शिवल्या जायच्या. मी नववीत असताना एकदा इतिहासाच्या बाईंनी उभं करून धडा वाचायला सांगितला. पहिलंच वाक्य मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा मधेच सोडलं. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "बस खाली." मी खाली बसलो. त्या वर्षी नापास झालो, सुट्टीत मामांच्या दुकानात गेलो आणि तिथलाच झालो. मशीनवर बसलेल्या माणसाला कुणी उभं करून बोलायला लावत नाही, हे मला फार आवडलं.

मामांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते माया सोडायला. शिवणीच्या कडेला आत दुमडून जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. मामा सढळ हाताने माया सोडत. म्हणत, "गिऱ्हाईक उद्या जाड फोम टाकून मागतंय, परवा कोपरा फाटून येतंय. आत कापड असलं तर उसवून परत बसवता येतंय. नसलं तर नवा तागा." दोन बोटं माया सोडायची ही सवय माझ्या हातात इतकी बसली की पुढे शारजात विमानांच्या सीटा शिवणाऱ्या कारखान्यात लागलो तरी ती सुटली नाही. तिथे कुणी काही म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. न विचारणं ही माझी दुसरी सवय.

शारजातून डब्लिनला आलो त्याला आता चार वर्षं झाली. क्लोनडॉकिनच्या बिझनेस पार्कमध्ये आमचं वर्कशॉप आहे. जगातली पुष्कळ विमानं भाड्याने दिलेली असतात आणि तो भाड्याचा मोठा कारभार या चिमुकल्या देशातून चालतो, हे मला इथे आल्यावर कळलं. एका कंपनीकडून विमान सुटलं की दुसरीकडे जायच्या आधी त्याच्या सीटांना नवे कपडे लागतात. ते कपडे आम्ही शिवतो. आमची बरीचशी गिऱ्हाइकं अमेरिकेतली.

पहिल्याच आठवड्यात आमच्या इन्स्पेक्टर बाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. बाई लिमरिककडच्या, साठी ओलांडलेल्या, बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात. इथे सगळे एकमेकांना नावाने हाका मारतात. मला ते जमत नाही, मी त्यांना मॅडम म्हणतो. त्या दर वेळी म्हणतात, "मॅडम कोण? मागे कुणी उभं आहे का?" तर त्या दिवशी त्यांच्या पुढ्यात मी शिवलेलं एक कव्हर उलटं पसरलेलं होतं. त्यांनी आतली दुमड चिमटीत धरली.

"हे काय आहे?"

"जास्तीचं कापड, मॅडम."

"ते दिसतंय. पण का? ही सीट अजून वाढायची आहे का?"

मागे दोघंतिघं हसले. माझे कान तापले. मी म्हटलं, "नाही मॅडम. पण पुढे कधी लागलं तर."

त्यांनी माझं कव्हर वजनकाट्यावर ठेवलं. मग शेजारचं, नियमाप्रमाणे शिवलेलं. फरक अगदी थोडा होता, लाडूभर म्हणा. "आता हा फरक प्रत्येक सीटला," त्या म्हणाल्या, "मग सगळ्या विमानाला, मग त्यांच्या सगळ्या विमानांना, रोज, अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुझं हे कापड फुकट प्रवास करणार, आणि इंधन ते जाळणार. या विमान कंपन्या प्रवाशांच्या सॅलडमधलं ऑलिव्हसुद्धा मोजतात." असं म्हणून त्यांनी माझ्या सगळ्या गठ्ठ्याला लाल टॅग लावला. लाल टॅग म्हणजे नापास, परत शिवा.

मी घरी येऊन बॅग भरायला काढली होती. खोटं नाही. माझ्याकडे एक प्लास्टिकची फाइल आहे. तिच्यात पासपोर्टची झेरॉक्स, परमिट, मामांचं पत्र, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं असतं. ती मी कामावरसुद्धा पाठीवरच्या पिशवीतून नेतो, न जाणो कुणी विचारलं तर. त्या संध्याकाळी ती तीनदा तपासली. सकाळी गेलो तर टेबलावर एक फुटपट्टी ठेवलेली होती, तिच्यावर शिवणीचं माप लाल खुणेने दाखवलेलं. शेजारी चहा. बाई म्हणाल्या, "तुझा टाका माझ्या बघण्यातला सगळ्यात सरळ आहे. आता कापडाची हाव सोड, मग ग्रँड." इथे 'ग्रँड' म्हणजे फार थोर असं नाही, 'ठीकठाक' एवढंच. पण मला तो शब्द त्या दिवशी थोरच वाटला.

अमेरिकेच्या विमान कंपन्यांचं वेड मला लागलं ते एका भिंतीमुळे. तिकडचं एक जुनं विमान संग्रहालयात मांडायचं होतं, आणि त्यातली पुढचा नि मागचा वर्ग वेगळा करणारी आडवी भिंत आमच्याकडे दुरुस्तीला आली होती. भिंतीला कापड चिकटवलेलं असतं. ते काढायचं काम माझं. वरचं करडं-निळं कापड सोललं तर खाली तांबडं निघालं. तांबडं सोललं तर त्याच्याखाली मोहरीच्या रंगाचं, पट्ट्यापट्ट्यांचं. मी हात थांबवून बाईंना बोलावलं, कारण काहीतरी चुकलं असेल तर ते माझंच असणार अशी मला नेहमीच खात्री असते.

बाईंनी चष्मा लावला आणि त्यांना हसू फुटलं. "अरे, ही तर वंशावळ आहे! ही निळी कंपनी, हिने तांबडीला पोटात घेतलं. तांबडीने त्याआधी मोहरीवालीला. मोहरीवालीचं नाव आता कुणाला आठवत नाही. दर वेळी नवा मालक आला आणि वरून कापड लावून मोकळा झाला."

मला आमच्या घराच्या भिंती आठवल्या, दर दिवाळीला रंगावर रंग. मी विचारलं, "म्हणजे विमान तेच, उडवणारी माणसंही तीच?"

"बहुतेक. नुसता गणवेश बदलायचा."

ऑफिसला विचारून बाईंनी मला तिन्ही कापडांचे तळहाताएवढे तुकडे दिले. मी ते फाइलमध्ये ठेवले आणि बसमध्ये, जेवायच्या सुट्टीत, मोबाइलवर एकेका कंपनीचा माग काढत सुटलो. ज्याला शाळेत एक सनावळी धड पाठ झाली नाही, तो कुठली कंपनी कुणी गिळली हे बायकोला फोनवर सांगायला लागला. बायको कराडला, आमची मुलगी सातवीत. बायको ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "अहो, त्या सगळ्यांची लग्नं लागून गेली. आम्हाला कधी नेताय?"

प्रश्न तोच होता. त्यांना इथे आणायचं तर पगार एका पायरीने वर जायला हवा होता, आणि मशीनवर बसून तो जाणार नव्हता. वर जायची एकच वाट होती, शिक्का. आमच्याकडे इन्स्पेक्टरचा स्वतःचा रबरी शिक्का असतो, नंबरचा. तो उमटल्याशिवाय एकही कव्हर विमानात जात नाही. बाई जूनमध्ये निवृत्त व्हायच्या होत्या आणि आपल्या जागी मला घ्या असं त्यांनी ऑफिसला सांगितलं होतं. ऑफिस म्हणालं, जरूर, पण रिपोर्ट लिहिता-बोलता येतो असं एखादं सर्टिफिकेट लागेल. याचं शिक्षण किती?

बाईंनी मला विचारलं. मी फाइल उघडून शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला. वर इंग्रजीत लिहिलेलं होतं, लीव्हिंग सर्टिफिकेट. बाई खूश झाल्या. या देशात त्या नावाची परीक्षा असते, आपल्या बारावीसारखी. मला ते नंतर कळलं. गप्प बसलो असतो तर कदाचित खपूनही गेलं असतं. पण न विचारणं वेगळं आणि हे वेगळं. दुपारी जाऊन सांगितलं, "मॅडम, हा कागद पास झाल्याचा नाही. नुसता शाळेतून गेल्याचा आहे. नववी नापास."

त्यांनी कागद घडी घालून परत दिला. मग म्हणाल्या, "मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली, मला तर कुणी कागदसुद्धा दिला नाही." आणि त्यांनी टॅला उपनगरातल्या संध्याकाळच्या वर्गाचा पत्ता लिहून दिला. शाळा अर्धवट राहिलेल्या मोठ्या माणसांसाठी तो वर्ग असतो, फी नाही. मला वाटलं यात काहीतरी मेख असणार. ती होती. शेवटच्या परीक्षेत उभं राहून बोलायचं होतं, इंग्रजीत, नऊ ते अकरा मिनिटं. नऊच्या आत संपलं तर अपुरं. अकराच्या पुढे गेलं तर घंटी. दोन्हीकडे नापास, आणि पुढची परीक्षा एकदम हिवाळ्यात. तोवर शिक्का दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला असता.

वर्गाचे सर गालवेकडचे, उंच, कायम सायकलचं हेल्मेट हातात. विषय ज्याचा त्याने निवडायचा होता. मी पटकन म्हणालो, "अमेरिकेच्या विमान कंपन्या कशा वाढल्या." सर म्हणाले, "दहा मिनिटांत?" मी म्हटलं, "हो सर." ते म्हणाले, "मला सर म्हणू नकोस." मी म्हटलं, "हो सर."

घरी मी एका नागपूरच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरबरोबर राहतो. वय अठ्ठावीस, मला भाऊ म्हणतो. राहायला आलो तेव्हा त्याने विचारलं होतं, "भाऊ, कॉलेज कोणतं?" आणि मी म्हणालो होतो, "कराडचं." एवढंच. कराडला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, बाकीचं त्याने स्वतःच जोडून घेतलं. गणपतीत मंडळात तो माझी ओळख "एअरोस्पेसमध्ये आहेत" अशी करून द्यायचा, आणि मी मोदकाकडे बघत राहायचो. आता स्लाइड करायला मदत हवी होती, म्हणजे सांगणं आलं. एका रविवारी त्याच्या हातात पोह्यांची बशी दिली आणि सगळं सांगून टाकलं.

तो चमचा तसाच धरून म्हणाला, "थांबा, थांबा. म्हणजे तुम्ही मशीनवर बसून खरंच सीट शिवता? आपण ज्यावर बसतो ती?"

"हो."

"अबे यार! आणि मी दोन वर्षं समजून राहिलो की तुम्ही पण माझ्यासारखेच मीटिंगा करता." मग एक घास खाऊन, "माझ्या ऑफिसच्या खुर्चीचं कव्हर फाटलंय, भाऊ."

ते मी त्याच आठवड्यात शिवून दिलं. त्याने बदल्यात चाळीस स्लाइड केल्या, बाण, आलेख, सरकणारी विमानं. आणि मी भाषण लिहून काढलं. सगळं घातलं त्यात. सुरुवातीच्या त्या कंपन्या टपाल वाहायच्या, माणसं नव्हे. प्रवासी म्हणजे टपालाच्या थैल्यांवर बसवलेलं जास्तीचं ओझं. मग पोटात मळमळणाऱ्या प्रवाशांसाठी नर्स ठेवल्या, त्याच पहिल्या हवाई सुंदऱ्या. मग युद्ध, मग जेट. मग सरकारने भाडी ठरवून दिलेली, त्यामुळे स्वस्त करून गिऱ्हाईक ओढायची सोयच नाही. म्हणून मग ओढायचं कशाने? जेवणाने. काही विमानांत चक्क पियानो होते! मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी सरकारने हात काढून घेतला आणि एकच झुंबड उडाली. भाडी उतरली, नव्या कंपन्या उगवल्या, जुन्या बुडाल्या, उरलेल्यांनी एकमेकींना गिळलं.

बाईंना वाचून दाखवायचं ठरलं. जेवायच्या सुट्टीत कँटीनमध्ये त्यांनी मोबाइलवर वेळ लावली. मी वाचलं. त्यांचं सँडविच संपलं, चहा संपला, दुसरा चहा संपला. सत्तावीस मिनिटं.

बाई म्हणाल्या, "परत तेच. ही सीट अजून वाढायची आहे का?"

मग आठवडाभर रोज दुपारी कापाकापी. त्यांच्या हातात खडू नव्हे, लाल पेन. पियानो राहिला, नर्स राहिल्या. एका शहराहून दुसऱ्या शहराला सरळ न नेता सगळ्यांना मधल्या एका मोठ्या विमानतळावर उतरवून विमान बदलायला लावायचं, ही पद्धत मी कराडच्या स्टँडच्या उदाहरणाने सांगितली होती, चिपळूणहून आलेला माणूस पंढरपूरची गाडी धरायला तिथे कसा धावतो ते. त्यातला चहावाला बाईंनी काढला, स्टँड ठेवला. स्लाइड चाळीसच्या पाच झाल्या. नागपूरकर म्हणाला, "भाऊ, निदान सरकणारं विमान तरी ठेवा." एक ठेवलं.

एका जागी मात्र मी अडून बसलो. पूर्वी, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, अमेरिकेहून येणारी विमानं पाण्यावर उतरायची आणि युरोपातला त्यांचा मुक्काम होता शॅनन नदीच्या मुखाशी, फॉइन्स गावात. बाईंची आई तिथल्या उपाहारगृहात कामाला होती. हे त्यांनीच मला चहा पिताना सांगितलं होतं आणि मी ते भाषणात घातलं होतं, तीन परिच्छेद. बाईंनी त्यावर एकच लांब रेघ मारली.

"मॅडम, हे राहू द्या ना."

"कशाला? माझी आई जन्मात विमानात बसली नाही. तिचा कंपन्यांच्या वाढीशी काय संबंध? वजन आहे नुसतं. काढ."

मी मान डोलावली. पण त्या तीन परिच्छेदांचा कागद फेकून द्यायला हात होईना. घडी घालून फाइलमध्ये ठेवला, शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या मागे.

परीक्षा मे महिन्यातल्या एका बुधवारी होती. प्रत्येकाला एक पाहुणा आणायची मुभा होती, मी बाईंना घेऊन गेलो. त्या केस सेट करून आल्या होत्या, मागच्या रांगेत पर्स मांडीवर धरून बसल्या. भिंतीवर मोठं घड्याळ, टेबलावर घंटी, शेजारी सर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. माझा नंबर तिसरा. पाण्याची बाटली आधीच संपवली होती, त्यामुळे आणखी एक काळजी वाढली होती.

उभा राहिलो. कापडाचे तीन तुकडे टेबलावर ठेवले आणि सुरू केलं. जीभ अडकली नाही, हे आधी सांगतो. उलटंच झालं. ती सुटली. बाईंबरोबर रोज दुपारी घोकून ते भाषण इतकं पाठ झालं होतं, आणि मधे थांबलो तर नववीच्या वर्गासारखं होईल ही भीती इतकी होती, की मी थांबलोच नाही. टपाल, नर्स, जेट, पियानो. सगळे पियानोला हसले, मी हसणं संपायची वाट न बघता पुढे. झुंबड, स्टँड, सरकणारं विमान. मोहरी रंगाचा तुकडा उचलला, त्यावर तांबडा, त्यावर निळा, अशा कंपन्या एकमेकींवर चढल्या आणि आता सगळ्यात मोठ्या अशा चारच उरल्यात. थँक यू.

घड्याळाकडे बघितलं. सात मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

सर आपल्या कागदाकडे बघत होते. मदत करायची त्यांना परवानगी नव्हती, पण त्यांनी कागदावरून मान वर केली आणि म्हणाले, "तुझ्याकडे अजून वेळ आहे." एवढंच. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं नव्हतं. मला बायकोचा आवाज आला, आम्हाला कधी नेताय. बसतोय खाली आता, असं वाटलं.

मग फाइल दिसली. टेबलावरच होती, मी ती कुठेही नेतो म्हणून तिथेही नेली होती. उघडली, दाखल्यामागची घडी काढली. उलगडली, पण वाचायची गरज पडली नाही. ती गोष्ट मला भाषणासारखी पाठ नव्हती, नुसती माहीत होती, म्हणून ती हळूहळू सांगता आली.

मी म्हटलं, फॉइन्स गावात एक अठरा वर्षांची मुलगी होती. समुद्रावरून आलेलं मोठं विमान नदीत उतरायचं, होडीतून प्रवासी काठावर यायचे, आणि ती त्यांना चहा द्यायची. श्रीमंत माणसं, विमानात पलंगावर झोपून आलेली. एकदा पावसात एक अमेरिकन बाई होडीतून धक्क्यावर चढताना त्यांच्या लांब कोटाची किनार खिळ्याला अडकून टरकन फाटली. मुलीच्या खिशात सुई-दोरा असायचा. तिने कोट काढायलाही लावला नाही. तिथेच गुडघ्यावर बसून, बाईंच्या अंगावरच, ती किनार शिवून दिली. शिवता आली, कारण ज्या शिंप्याने तो कोट शिवला होता, त्याने आत भरपूर कापड सोडलं होतं.

हे शेवटचं वाक्य माझ्या कागदावर नव्हतं. आमच्या इन्स्पेक्टर बाईंनीही ते कधी सांगितलं नव्हतं. पण फाटलेली किनार धक्क्यावर बसून शिवायची तर आत कापड असल्याशिवाय शक्यच नाही, हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं.

मी म्हटलं, त्या अमेरिकन बाईंनी तिला एक संत्रं दिलं. युद्धाचे दिवस, संत्रं कुणी बघितलेलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांनी फोड फोड खाल्लं आणि मुलीने साल वाळवून प्रेसमध्ये ठेवलं. इथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात, तेव्हा मीही प्रेसच म्हटलं. ते साल तिच्या लेकीने लहानपणी बघितलंय. मग मी सांगितलं की मी कंपन्यांचा इतिहास शिवणकाम करणाऱ्याच्या नजरेने बघतो. आधी या कंपन्या सैल शिवलेल्या होत्या, पियानोसुद्धा मावायचे. मग एकेक धागा मोजून घट्ट शिवल्या, त्यामुळेच माझ्यासारखा माणूस तिकीट काढू शकतो, त्याबद्दल मी आभारी आहे. पण अंगाबरोबर शिवलेलं कापड वाईट दिवस आले की तिथेच उसवतं. अमेरिकेत दहशतवादी हल्ला झाला तेव्हा तसं झालं, महामारीत विमानं वाळवंटात ओळीने उभी राहिली तेव्हा तसं झालं. आणि मग मी आमच्या वर्कशॉपची गोष्ट सांगितली, वजनकाटा, लाल टॅग, "ही सीट वाढायची आहे का?" या वेळी लोक हसले तेव्हा मी थांबलो. हसणं संपेपर्यंत उभा राहिलो. फार बरं वाटलं.

दहा मिनिटांना थोडी कमी असताना मी खाली बसलो, कुणी न सांगता.

निकाल तिथेच सांगायची पद्धत नाही, पण सरांनी हेल्मेट डोक्यावर चढवता चढवता अंगठा दाखवला. बाहेर बसस्टॉपवर बाई बराच वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. मग म्हणाल्या, "तो भाग मी कापला होता."

"कापला नव्हता, मॅडम. आत दुमडून ठेवला होता."

"ऐकत नाहीस तू." आणि मग नाक पुसून, "कापडाचं खरं असणार. आई म्हणायची, तो कोट फार जड होता."

जूनमध्ये त्या गेल्या. केक होता, त्यांनी कापला, फुटपट्टी लावून सारखे तुकडे केले आणि वर मला म्हणाल्या, "मोज." त्यांच्या नंबरचा शिक्का नियमाप्रमाणे मोडीत काढला, मला नवा मिळाला. सुरुवातीचे काही दिवस मी एक शिक्का उमटवायचो आणि कव्हर परत उलटं करून बघायचो. अजूनही बघतो. एका नव्या शिवणाऱ्याने परवा दोन बोटं माया सोडली होती. लाल टॅग लावला आणि सकाळी त्याच्या टेबलावर फुटपट्टी ठेवली. चहा ठेवायला विसरलो होतो, तो नंतर नेऊन दिला.

बायको आणि मुलगी ऑक्टोबरमध्ये आल्या. मुंबईत विमान सुटायच्या आधी मुलीने फोटो पाठवला, दोघी सीटवर, पट्टा बांधून, दात दाखवत. मी तो कामावर जायच्या बसमध्ये मोठा करून बघत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन आला, "अहो, फोटो मिळाला का? कशा दिसतोय आम्ही?"

मी म्हटलं, "छान. फक्त तुझ्या डाव्या खांद्यामागची शिवण जरा सुटलीय."

"माझ्या ब्लाउजची?"

"नाही गं, सीटची."

मग ती मुलीला म्हणाली, "बघ, हे असं आहे तुझ्या बापाचं," आणि मुलगी एवढ्या मोठ्याने हसली की पुढच्या सीटवरून कुणीतरी वळून बघितल्याचं मला डब्लिनच्या बसमध्ये बसून कळलं.